अमेरिकेतील राज्यांचे बंदूक कायदे : जीव खरोखरच वाचतात काय?

दि. २७ ऑगस्ट २०२५ च्या सकाळी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस शहरात, अनन्सिएशन कॅथलिक चर्चमध्ये शाळकरी मुलांसाठी मिस्साबलिदान सुरू होते. शाळेच्या नव्या वर्षाचा तो पहिलाच आठवडा होता. प्रार्थनेत असलेल्या मुलांवर बाहेरून, चर्चच्या खिडक्यांतून गोळ्या झाडल्या गेल्या. आठ आणि दहा वर्षांची दोन बालके बाकांवरच मृत्युमुखी पडली. अनेक मुले आणि काही वयस्क भाविक जखमी झाले. हल्ल्यात वापरलेल्या बंदुका रीतसर विकत घेतलेल्या होत्या, असे पोलिसांनी सांगितले.

अशी बातमी आली की आपल्या धर्मग्रामांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : एवढे प्रगत राष्ट्र बंदुकांवर सरळ बंदी का घालीत नाही? आपल्यापैकी कित्येकांची मुले, नातवंडे आज न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थायिक आहेत. त्यामुळे त्या प्रश्नामागे कुतूहलापेक्षा काळजी अधिक असते. त्यावर दुसरा कोणीतरी लगेच म्हणतो, "कायदे करून काय होणार? ज्याला मारायचे आहे तो कसेही करून मारणारच." पहिल्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. दुसऱ्या विधानाची परीक्षा मात्र तेथील पन्नास राज्यांनी, कळत-नकळत, स्वतःच करून ठेवली आहे. कोणी कायदा कडक केला, कोणी सैल केला, आणि दोहोंचे परिणाम मृत्यूंच्या नोंदींत उतरले. त्या नोंदी काय सांगतात, हे समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

एक देश, पन्नास नियमावल्या

अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ साली जोडलेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा जनतेचा अधिकार मान्य केला. त्या काळी संरक्षणाची बरीचशी भिस्त नागरिकांच्या सशस्त्र पथकांवर होती. हा अधिकार अशा पथकांपुरता आहे की प्रत्येक व्यक्तीचा आहे, यावर पुढे दीर्घकाळ वाद होत राहिला. २००८ साली 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विरुद्ध हेलर' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा अधिकार असल्याचा निवाडा दिला आणि २०१० साली तो राज्यांवर व शहरांवरही बंधनकारक ठरविला. साहजिकच सरसकट बंदीचा मार्ग तेथे बंद झाला. मात्र हा अधिकार अमर्याद नाही, शस्त्र कोणाच्या हाती जाऊ नये याचे नियम करता येतात, हेही न्यायालयाने २००८ च्या त्याच निकालात नमूद केले.

आपल्याकडील परिस्थिती याच्या नेमकी उलट आहे. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा देशभर एकच आहे. अर्जदाराची पोलीस चौकशी झाल्यावर जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त परवाना देतात. परवाना मिळणे हा कोणाचा मूलभूत हक्क मानला जात नाही. अमेरिकेत आरंभ हक्कापासून होतो, आणि त्या हक्काला कोठे मर्यादा घालायची हे ठरविण्याची मोठी जबाबदारी राज्यांवर पडते.

केंद्रीय कायदा तेथेही आहे. परंतु तो किमान पातळीचा आहे. १९६८ च्या कायद्याने गुन्हेगारांसह काही व्यक्तींना बंदूक बाळगण्यास मनाई केली. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक दुकानदाराला, विक्रीपूर्वी ग्राहकाची पूर्वचौकशी करणे भाग पाडले. १९९८ पासून ही चौकशी केंद्रीय तपास यंत्रणेच्या संगणकीय नोंदींवरून होते. तथापि, दुकानदार नसलेल्या सामान्य माणसाने आपली बंदूक दुसऱ्याला विकली, तर केंद्रीय कायद्यानुसार अशी चौकशी आवश्यक नाही. सुमारे वीस राज्यांनी स्वतःचे कायदे करून ही फट कमी-अधिक प्रमाणात बुजविली आहे. उरलेल्या राज्यांत ती तशीच आहे. शिवाय चाळीसहून अधिक राज्यांनी आपल्या शहरांना स्वतंत्र बंदूक नियम करण्यास मज्जाव केला आहे. त्यामुळे एखाद्या महापौराला शहर सुरक्षित करावेसे वाटले, तरी त्याचे हात राज्याच्या विधिमंडळाने बांधलेले असतात.

मृत्यूंचा हिशेब

बंदुकीचा बळी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाळेतील किंवा बाजारातील सामूहिक गोळीबार येतो. प्रत्यक्ष आकडे वेगळेच चित्र दाखवितात. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीने ४६,७२८ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे २७,३०० मृत्यू आत्महत्येचे होते आणि सुमारे १७,९०० हत्येचे. म्हणजे दर दहा मृत्यूंपैकी जवळजवळ सहा जणांनी स्वतःचा जीव घेतला होता. सामूहिक गोळीबारातील बळींचे प्रमाण या एकूण संख्येत अत्यल्प आहे, जरी त्या घटनांची भीती सर्वांत मोठी असली तरी. २०२० पासून तर अमेरिकेतील १ ते १९ वर्षे वयोगटातील मुलामुलींच्या मृत्यूचे पहिले कारण बंदूक हेच ठरले. मोटार अपघात मागे पडले.

हा हिशेब ध्यानात घेतला नाही, तर कायद्यांचे मूल्यमापन चुकते. "दरोडेखोर काही परवाना काढायला जात नाही" हा युक्तिवाद घटकाभर खरा मानला, तरी आत्महत्येच्या उंबरठ्यावरचा मनुष्य दरोडेखोर नसतो. संशोधकांना असे आढळले आहे की, जीव देण्याचा विचार आणि कृती यांत अनेकांच्या बाबतीत काही मिनिटांचेच अंतर असते. हाताशी बंदूक असेल, तर दहापैकी सुमारे नऊ प्रयत्न मृत्यूत संपतात. याउलट, ज्यांचा प्रयत्न निष्फळ ठरतो त्यांच्यापैकी बहुतांश, म्हणजे दहापैकी सुमारे नऊ, पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती घटका टळली की मनुष्य पुन्हा जगू लागतो.

संतापाच्या भरात होणाऱ्या हत्यांचेही असेच आहे. दारूच्या अंमलाखाली झालेले भांडण, पती-पत्नीतील कलह, तरुणांच्या टोळ्यांतील मानापमान यांत हाताशी काय आहे, यावर शेवट ठरतो. म्हणून कोणत्याही बंदूक कायद्याला एकच प्रश्न विचारावा, असे आम्हाला वाटते : राग किंवा निराशा आणि बंदुकीचा घोडा यांच्यामध्ये हा कायदा काही वेळ, काही अंतर निर्माण करतो काय?

परवान्याची कसोटी : कनेक्टिकट आणि मिझुरी

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर दोन राज्यांनी दिले आहे. कनेक्टिकटने १९९५ साली असा कायदा केला की, पिस्तूल घ्यायचे असेल तर आधी परवाना काढावा लागेल. अर्जदाराने स्थानिक पोलिसांकडे स्वतः जावे, चौकशीला सामोरे जावे आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण पूर्ण करावे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी पहिल्या दहा वर्षांचा अभ्यास केला. कायदा नसता तर जेवढ्या हत्या अपेक्षित होत्या, त्यांच्या तुलनेत बंदुकीने होणाऱ्या हत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांना आढळले. पुढे अधिक दीर्घ काळाच्या अभ्यासात हा अंदाज २८ टक्क्यांवर आला. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्याही घटल्या.

मिझुरीने नेमकी उलट वाट धरली. तेथे पिस्तूल विकत घेण्यापूर्वी शेरिफकडून, म्हणजे परगण्याच्या निर्वाचित पोलीसप्रमुखाकडून, परवाना घेण्याची पद्धत कित्येक दशके चालत आली होती. खाजगी विक्रीलाही ती लागू होती. २००७ साली राज्याने ती रद्द केली. त्यानंतरच्या वर्षांत बंदुकीने होणाऱ्या हत्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे २३ टक्क्यांनी वाढल्याचे पहिल्या अभ्यासात दिसले; नंतरच्या अभ्यासात ही वाढ आणखी मोठी दिसली. बंदुकीने झालेल्या आत्महत्याही वाढल्या.

शेरिफच्या कचेरीत जाण्याने असे काय होत असे? एक तर, गुन्हेगारासाठी दुसऱ्याच्या नावाने बंदूक घेऊन देणाऱ्या माणसाला पोलिसांसमोर उभे राहण्याचे धैर्य होत नसे. दुसरे, दुकानदाराच्या मेजावर काही मिनिटांत उरकणाऱ्या चौकशीपेक्षा स्थानिक पोलिसांची चौकशी अधिक खोल असते. गावातील कोणाच्या घरून वारंवार तक्रारी येतात, हे त्यांना ठाऊक असते. आणि तिसरे, अर्ज आणि परवाना यांच्यामध्ये काही दिवस जात.

थांबणे, काढून घेणे, कुलूप लावणे

परवान्याखेरीज तीन उपाय अनेक राज्यांनी केले आहेत. पहिला, बंदूक विकत घेतल्यावर ती प्रत्यक्ष ताब्यात मिळण्यापूर्वी काही दिवस थांबावयास लावणे. कॅलिफोर्नियात हा काळ दहा दिवसांचा आहे. राज्याराज्यांतील अनेक दशकांच्या नोंदी तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा कायद्यांमुळे बंदुकीने होणाऱ्या हत्या सुमारे १७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. येथे कोणाचीही बंदूक हिरावून घेतलेली नाही, फक्त प्रतीक्षा करावयास लावली आहे.

दुसरा उपाय तेथे 'रेड फ्लॅग' कायदा या नावाने ओळखला जातो. एखादी व्यक्ती स्वतःचे किंवा दुसऱ्याचे बरेवाईट करील अशी चिन्हे दिसू लागली, तर पोलीस आणि कित्येक राज्यांत कुटुंबीयही न्यायालयाकडे जाऊ शकतात. न्यायाधीश पुरावा पाहून त्या व्यक्तीच्या बंदुका ठरावीक मुदतीपुरत्या काढून घेण्याचा आदेश देतो. कनेक्टिकटने १९९९ साली हा कायदा सर्वप्रथम केला. इंडियानाने २००५ साली. फ्लोरिडात २०१८ साली पार्कलंड येथील शाळेत १७ जणांची हत्या झाल्यानंतर, बंदूकमालकांची बाजू घेणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या सरकारनेच हा कायदा संमत केला. आज वीसहून अधिक राज्यांत तो आहे. कनेक्टिकटच्या अनुभवाचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचा अंदाज असा की, अशा दर दहा ते वीस कारवायांमागे एक आत्महत्या टळते.

तिसरा उपाय सर्वांत साधा आहे : घरात मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवा, अन्यथा शिक्षा भोगा. १९८९ साली फ्लोरिडाने या धर्तीचा पहिला कायदा केला. 'रँड' या संशोधन संस्थेने बंदूक कायद्यांविषयीच्या अभ्यासांची जी चिकित्सा वर्षानुवर्षे चालविली आहे, तिच्यात ज्या कायद्यांविषयीचा पुरावा सर्वांत भक्कम ठरला त्यांत हा कायदा मोडतो. मुलांच्या आत्महत्या आणि अपघाती मृत्यू त्याने घटतात. मिशिगन राज्यातील ऑक्सफर्ड येथे २०२१ साली एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने शाळेतील चौघांचे प्राण घेतले. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी आणले होते. २०२४ साली त्या मुलाच्या आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविण्यात आले. दरम्यान मिशिगनने बंदूक सुरक्षित ठेवण्याचा, सर्व विक्रींवर पूर्वचौकशीचा आणि 'रेड फ्लॅग' पद्धतीचा असे तिन्ही कायदे केले. ते फेब्रुवारी २०२४ मध्ये अमलात आले.

सैल सोडलेल्या लगामाची किंमत

याच काळात अनेक राज्यांनी लगाम सैल केला. फ्लोरिडाने २००५ साली असा कायदा केला की, सार्वजनिक जागी धोका वाटल्यास माघार घेणे शक्य असले तरी माघार न घेता मनुष्य प्राणघातक बळ वापरू शकतो. त्यानंतर तेथील हत्यांचे मासिक प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी आणि बंदुकीने झालेल्या हत्यांचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल लपवून बाळगण्यासाठी पूर्वी बहुतेक राज्यांत परवाना लागत असे. आज निम्म्याहून अधिक राज्यांत तोही लागत नाही. टेक्सासने ही अट २०२१ साली काढून टाकली. सशस्त्र नागरिक वाढले की गुन्हेगार बिचकतो, असा एक सिद्धान्त १९९० च्या दशकात मांडला गेला होता. पुढील संशोधनाने त्याला आधार दिला नाही. बंदूक बाळगण्याचा अधिकार सुलभ करणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के अधिक असल्याचे २०१९ सालच्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले.

न्यायालयांचाही यात वाटा आहे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द केला. बाहेर पिस्तूल बाळगायचे तर विशेष कारण दाखवा, असा तो नियम होता. यापुढे कोणताही बंदूक कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. परिणामी अनेक राज्यांचे कायदे न्यायालयात आव्हानांना तोंड देत आहेत. मात्र २०२४ साली त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, घरगुती हिंसाचारावरून न्यायालयीन मनाई आदेश लागू असलेल्या व्यक्तीकडून शस्त्र काढून घेणे घटनेला धरूनच आहे, असा निर्णय दिला.

सीमेवरून येणारी बंदूक

"शिकागोत कडक कायदे आहेत, तरी तेथे खून होतातच ना?" हा आक्षेप वारंवार घेतला जातो. शिकागो शहर इंडियाना राज्याच्या सीमेला लागून आहे. शहराने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, गुन्ह्यांत सापडलेल्या ज्या बंदुकांचा मागोवा घेता आला त्यांपैकी सुमारे ६० टक्के इलिनॉय राज्याबाहेरून आल्या होत्या; एकट्या इंडियानातून पाचव्या हिश्श्याहून अधिक. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी २०१६ साली दिलेल्या अहवालात राज्याबाहेरून आलेल्या बंदुकांचे प्रमाण ७४ टक्के होते. दक्षिणेकडील सैल कायद्यांच्या राज्यांतून महामार्गाने न्यूयॉर्ककडे येणाऱ्या या प्रवाहाला तेथे 'लोखंडी नळ' अशा अर्थाचे नावच पडले आहे.

हा नळ बंद करता येतो, हे व्हर्जिनियाने दाखविले. १९९३ साली त्या राज्याने एका व्यक्तीला महिन्याला एकच पिस्तूल, असा नियम केला. त्यापूर्वी ईशान्येकडील राज्यांत सापडणाऱ्या आणि आग्नेय भागातून आलेल्या बंदुकांपैकी सुमारे ३५ टक्के व्हर्जिनियातील दुकानांतल्या असत. नियमानंतर हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. २०१२ साली हा नियम रद्द झाला आणि २०२० साली पुन्हा लागू करण्यात आला. शेजाऱ्याच्या अंगणात पाणी तुंबले की डास आपल्या घरात येतात, तसाच हा प्रकार आहे. एका राज्याचा कायदा शेजारच्या राज्यातील आईचे मूल वाचवू शकतो, तसेच एका राज्याची बेफिकिरी ते हिरावूनही घेऊ शकते.

कायद्याच्या मर्यादा

येथे प्रामाणिकपणे काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. मॅसॅच्युसेट्समध्ये बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण लाख लोकांमागे वर्षाला चारच्या आसपास आहे, तर मिसिसिपीत जवळपास तीस. ही सारी तफावत केवळ कायद्यामुळे आहे, असे कोणी म्हणू नये. दारिद्र्य, वंशभेदाचा इतिहास, दवाखान्यांची उपलब्धता, घरोघरी असलेल्या बंदुकांची संख्या या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम आहे. कोविडच्या काळात २०२० साली कडक आणि सैल अशा दोन्ही प्रकारच्या राज्यांत हत्या वाढल्या आणि २०२१ नंतर बंदुकीचे एकूण मृत्यू उतरू लागले. कायदा हे अनेक कारणांपैकी एक कारण आहे.

कायदा असून दुर्घटना घडतात, हेही खरे. कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत २०१२ साली वीस बालके आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. ती बंदूक हल्लेखोराच्या आईने रीतसर घेतलेली होती. मिनेसोटात 'रेड फ्लॅग' कायदा जानेवारी २०२४ पासूनच लागू होता, आणि तरीही अनन्सिएशन चर्चमधील मुले वाचली नाहीत. हा कायदा आपोआप चालत नाही. कोणाला तरी धोका ओळखून न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्ज येथील बॅप्टिस्ट चर्चमध्ये २०१७ साली २६ बळी गेले. हल्लेखोराला पूर्वी घरगुती हिंसाचारासाठी शिक्षा झाली होती; पण तो ज्या हवाई दलात होता, त्या दलाने ती नोंद केंद्रीय यंत्रणेकडे पाठविलीच नव्हती. चार्ल्सटन येथील चर्चमध्ये २०१५ साली नऊ भाविकांना मारणाऱ्याची पूर्वचौकशी तीन दिवसांत पुरी झाली नाही, आणि तेवढ्या विलंबानंतर दुकानदाराला विक्रीची मुभा होती. चौकशी करणारा कारकून, नोंद पाठविणारा अधिकारी, धोका कळविणारा नातेवाईक यांच्या दक्षतेवर कायद्याचे बळ अवलंबून असते.

बंदूकमालकांची बाजूही ऐकली पाहिजे. मोंटाना किंवा वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्यांत पोलीस येईपर्यंत बराच वेळ जातो. शिकार ही तेथील कुटुंबांची पिढीजात रीत आहे आणि बहुसंख्य बंदूकमालक कोणालाही इजा करीत नाहीत. मात्र याच राज्यांत बंदुकीने होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण फार मोठे आहे. शेतावर एकट्या राहणाऱ्या निराश पुरुषाला चोरापेक्षा स्वतःच्या कपाटातील बंदुकीचा धोका अधिक असतो. शिकारीची परंपरा असलेल्या व्हर्माँट राज्यानेही २०१८ साली, रिपब्लिकन राज्यपालांच्या स्वाक्षरीने, पूर्वचौकशीचे आणि वयोमर्यादेचे नियम कडक केले. परंपरा जपूनही पहारा ठेवता येतो, हे त्यावरून दिसते.

ख्रिस्तसभेची भूमिका

स्वतःचे किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्यांचे प्राण वाचविण्याचा अधिकार कॅथलिक शिकवण नाकारीत नाही. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २२६३ ते २२६५) या न्याय्य संरक्षणाची मांडणी आहे. त्याच ग्रंथात, युद्ध आणि शांततेच्या संदर्भात, शस्त्रांचे उत्पादन आणि विक्री यांचा संबंध सर्वांच्या हिताशी असल्याने त्यांचे नियमन करणे हा सार्वजनिक सत्तेचा हक्क आणि कर्तव्य आहे, असेही सांगितले आहे (परिच्छेद २३१६). म्हणजे नियमनाला विरोध करणे ही काही श्रद्धेची अट नव्हे. उलट नियमनाची अपेक्षा शिकवणीतच आहे.

अमेरिकेतील बिशप परिषदेने १९९४ साली हिंसेच्या संस्कृतीविषयी विस्तृत निवेदन प्रसिद्ध केले होते. तेव्हापासून प्रत्येक विक्रीपूर्वी चौकशी, युद्धभूमीच्या धर्तीवरील शस्त्रांवर निर्बंध आणि घरातील बंदूक सुरक्षित ठेवणे यांना परिषदेने सातत्याने पाठिंबा दिला आहे. टेक्सासमधील युवाल्डी येथील शाळेत मे २०२२ मध्ये १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हाही तिने कायदेमंडळाला कृतीचे आवाहन केले. पुढच्याच महिन्यात, जवळपास तीस वर्षांनंतर, बंदुकींविषयीचा पहिला महत्त्वाचा केंद्रीय कायदा तेथे संमत झाला. राज्यांना 'रेड फ्लॅग' योजना राबविण्यासाठी त्यातून निधी मिळतो. मिनिआपोलिसच्या घटनेनंतर शिकागोतच जन्मलेल्या पोप लिओ चौदावे यांनी ३१ ऑगस्ट २०२५ रोजी त्या मुलांसाठी प्रार्थना केली, आणि लहानमोठ्या शस्त्रांची ही साथ थांबावी, अशी देवाकडे याचना केली.

आपल्याला काय करता येईल?

मतदानाचा हक्क तेथे मिळालेल्या आपल्या नातलगांनी राज्याच्या विधिमंडळाची निवडणूक दुय्यम मानू नये. बंदुकीविषयीचे बहुतेक निर्णय राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी होत नाहीत. ते ऑस्टिन, सॅक्रामेंटो, ट्रेंटन अशा राज्यांच्या राजधान्यांत होतात. मूल मित्राच्या घरी खेळायला जाणार असेल, तर "तुमच्या घरी बंदूक आहे काय आणि ती कुलपात आहे काय?" असे विचारण्यात संकोच नसावा, अनेक अमेरिकन डॉक्टरच पालकांना हे विचारण्याचा सल्ला देतात. घरातील कोणी निराशेने ग्रासले असेल आणि घरात शस्त्र असेल, तर ते काही काळ घराबाहेर सुरक्षित ठेवणे हे प्रेमाचे कृत्य आहे. अशा वेळी अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर आणि भारतात टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मदत मिळते.

मनुष्याच्या अंतःकरणातील द्वेष आणि दुःख कोणत्याही विधिमंडळाला कायद्याने पुसता येणार नाही. ते काम प्रार्थनेचे, संगतीचे आणि कृपेचे आहे, आणि त्याला वेळ लागतो. कनेक्टिकटचा परवाना, कॅलिफोर्नियाचे दहा दिवस, मिशिगनमधील कपाटाचे कुलूप यांनी तेवढाच वेळ मिळवून दिला आहे. त्या मिळालेल्या वेळात कोणी शेजारी दारावर थाप मारतो, कोणी बहीण फोन करते, कोणी धर्मगुरू भेटीला जातो. पन्नास राज्यांच्या नोंदी सांगतात की, एवढ्यानेही पुष्कळ माणसे दुसऱ्या दिवसाची सकाळ पाहतात.